टॅब घेताय तर त्याची किल्लीपण मागून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी शाहूपुरीत कॉम्प्युटर रिपेअरीचं काम करतो, १७ वर्षं झाली. तुमचा पेपर रोज सकाळी चहाबरोबर वाचतो पण पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, आज लिहितोय कारण गेल्या महिन्यात एका फौंड्रीत जे बघितलं ते डोक्यातनं जाईना. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळ्या एमआयडीसीत आता शॉप फ्लोअरवर विंडोजचे टॅब आलेत, कास्टिंग तपासायचं, फोटो काढायचा, रीडिंग भरायचं, सगळं त्यावरच. चांगलंच आहे, कागदाचा ढीग कमी झाला. पण त्या टॅबची किल्ली कुणाकडं आहे हे दहातल्या एका मालकाला तरी सांगता येईल का याची मला शंका आहे.

झालं असं की सोमवारी सकाळी पावणेआठला फोन आला, मालक स्वतः बोलत होते, "दादा, चौदाच्या चौदा टॅब निळे पडल्यात, आन कसला तरी नंबर मागालेत, आपण तर कधी नंबर घातलाच नव्हता." मी म्हटलं कुणालाही काही दाबू देऊ नका, मी निघालो. पोचलो तर टेबलावर ओळीनं चौदा टॅब मांडलेले, रबरी कव्हरच्या कोपऱ्यात काळी वाळू बसलेली, मागं मार्करनं क्यूसी १, क्यूसी २ असं लिहिलेलं, आणि प्रत्येकावर तीच निळी स्क्रीन, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की टाका म्हणून. ४८ आकडी नंबर असतो तो, सहा सहा आकड्यांचे आठ गट. बाजूला त्यांच्याकडंच कामाला असलेलं एक पोरगं उभं, आयटीआय झालेलं, हुशार आहे, पण त्या दिवशी तोंड पांढरंफटक. म्हणालं, "दादा, मी इमेजच घ्यायला गेलतो."

आता इथं थोडं सांगावं लागेल, कारण या पोरानं जे केलं ते उद्या कुणीही चांगल्या मनानं करेल. एक टॅब नीट सेट करायचा, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून ठेवायची, म्हणजे दुसरा कुठला बिघडला की तीच त्याच्यावर ओतायची, हा त्याचा विचार शंभर टक्के बरोबर होता. त्यासाठी टॅब पेनड्राइव्हवरनं बूट, म्हणजे सुरू, करायला गेला, पेनड्राइव्ह बूट होईना, कुठंतरी व्हिडिओत बघितलं की सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरनं मशीन सुरू होऊ न देणारं सेटिंग) बंद करा, तर रविवारी सुट्टी बघून चौदाही टॅबवर ते बंद करून टाकलं. टॅबच्या आत टीपीएम नावाची चिप असते, डिस्कचं कुलूप उघडायची किल्ली ती सांभाळते, आणि मशीन रोजच्यासारखंच सुरू होतंय का हे बघूनच ती किल्ली पुढं देते. सिक्युअर बूट बंद दिसलं की तिला वाटतं कुणीतरी मशीन उघडून काहीतरी करतंय, मग ती किल्ली देत नाही आणि माणसाकडं ४८ आकडे मागते. म्हणजे टॅब बिघडले नव्हतेच, ते आपलं काम नीट करत होते.

मी पहिल्यांदा सिक्युअर बूट परत चालू केलं, बाकी काहीच नाही. बदल झाला तो उलटा फिरवायचा, ही माझी पहिली पायरी असते. नऊ टॅब त्याच क्षणी विंडोजवर आले, मालकांनी खुर्चीत अंग टाकलं ते अजून आठवतंय मला. पण पाच आले नाहीत. कारण निळी स्क्रीन बघून पोरगं घाबरलं आणि त्या पाचांवर सेटिंगमधे जाऊन टीपीएम क्लिअर करून टाकलं. टीपीएम क्लिअर म्हणजे चिपमधली किल्लीच पुसली, आता ४८ आकडे असतील तरच, नाहीतर काही नाही.

मग किल्ल्यांची शोधाशोध. विंडोजमधे मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून पहिलं लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं, विंडोज ११ च्या २४एच२ पासनं तर जवळजवळ प्रत्येक नव्या मशीनवर, आणि किल्ली गुपचूप त्या अकाउंटवर जाऊन बसते. प्रश्न एवढाच की अकाउंट कुणाचं. हे टॅब ज्यानं पुरवले त्याच्या माणसानं सेटअप करताना कधी कंपनीचा ईमेल टाकला, कधी स्वतःचा, जसं सुचेल तसं. तो माणूस नोकरी सोडून गेला, फोन बंद, आणि पुरवठादार म्हणतो आमचं काम डिलिव्हरीपर्यंत. कंपनीच्या ईमेलवर शोधलं तर पाचातल्या दोघांच्या किल्ल्या मिळाल्या. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्यातली पहिली आठ अक्षरं किंवा आकडे अकाउंटमधल्या यादीशी जुळवायचे आणि त्याच्यापुढचा नंबर टाकायचा. मी वाचत होतो आणि पोरगं टाकत होतं, एका गटात आकडा चुकला तर तिथंच कळतं कारण प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो, तशीच बनवलेली असते ती किल्ली. दोन टॅब उघडले.

तीन गेले. मालकांनी तीनदा विचारलं, पुण्याला पाठवू का, मुंबईला कुणी आहे का, पैसे लागले तरी चालतील. मी हात जोडून सांगितलं की मालक, याला पैसा लावून उपयोग नाही, किल्ली नसेल तर हे कुणाकडनं उघडत नाही, कुणी उघडून देतो म्हणाला तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका. वायफाय शॉपच्या त्या कोपऱ्यात पोचत नाही म्हणून त्या टॅबमधली रीडिंग दोन दोन आठवडे आतच पडून असायची, फोटोसकट. ते सगळं गेलं. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईकाचं ऑडिट होतं. तीन टॅबची किंमत काय हो, ती भरून निघते, पण ज्या कास्टिंगचे फोटो गेले ती कास्टिंग तोवर ट्रकमधनं निघून गेलेली.

जुलै २०२४ ची १९ तारीख आठवत असेल तुम्हाला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभर विंडोजची मशीनं निळी पडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख, विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहून दिले. मशीन सुरू करायचा उपाय तसा साधा होता, एक फाईल काढायची, पण तिथंही अनेक ठिकाणी अडलं ते याच ४८ आकड्यांपाशी. ज्यांच्याकडं किल्ल्यांची यादी होती ते लवकर उठले. मोठ्या मोठ्या कंपन्यांचं हे झालं, आपल्याकडं तर यादी करायची असते हेच कुणी सांगत नाही.

आता इमेजबद्दल, कारण ते तीन टॅब पुसून परत उभे करायची खरी मेहनत पुढं होती आणि यात लोक सारखे सारखे त्याच जागी अडतात.

पहिलं म्हणजे पेनड्राइव्ह का बूट होत नव्हता. सिक्युअर बूटचा त्यात काही संबंधच नव्हता! पेनड्राइव्ह फॉरमॅट करायच्या दोन पद्धती, एनटीएफएस आणि फॅट ३२, पोरानं तो एनटीएफएसमधे केलेला, आणि यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन उठवणारं आतलं सॉफ्टवेअर, सहसा फॅट ३२ च वाचतं. फॅट ३२ केला तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाईल हल्ली त्याहून मोठी असते, म्हणून लोक वैतागून परत एनटीएफएस करतात. विंडोजमधल्याच डिझम कमांडनं त्या फाईलचे तुकडे करता येतात, विंडोजचा सेटअप ते तुकडे आपले आपण जोडून घेतो. एवढं माहीत असतं तर तो रविवार वाचला असता. बूटचा मेनू सापडत नाही ही दुसरी ओरड, टॅबला कीबोर्ड नाही तर एफ १२ दाबणार कुठं. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस टॅबवर व्हॉल्यूम डाऊन दाबून धरून पॉवर दाबलं की पेनड्राइव्हवरनं उठतो, व्हॉल्यूम अप धरलं की सेटिंगमधे जातो, बाकीच्यांचं मॉडेलप्रमाणं बदलतं. विंडोज चालू असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, तिथनं डिव्हाइस निवडता येतं.

मग पोर्ट. टॅबला एकच पोर्ट, त्यातच चार्जर, त्यातच पेनड्राइव्ह, आणि बूट झाल्यावर टच चालत नाही कारण पेनड्राइव्हवरच्या छोट्या विंडोजमधे टचचा ड्रायव्हर, म्हणजे टच चालवणारं सॉफ्टवेअरच नसतं, म्हणजे कीबोर्ड माऊसपण लावायचा. मी चार्जिंग पुढं सोडणारा हब घेऊन फिरतो, तो नसेल तर या कामाला हात लावत नाही. माझ्यासमोर एकदा इमेज ८० टक्क्यांच्या पुढं गेलेली आणि बॅटरी संपून टॅब विझलेला आहे, ना जुनं राहिलं ना नवं आलं. आणि फौंड्रीतला टॅब असेल तर आधी टूथपिकनं पोर्ट साफ करा, आत वाळू आणि कोळशाची भुकटी इतकी घट्ट बसते की पिन अर्धीच आत जाते, हब लागलाय असं वाटतं आणि मधेच सुटतो. तीनातल्या एकाचं चार्जिंगच होत नव्हतं, तो मेला म्हणून बाजूला ठेवलेला, साफ करून दोन तास लावून ठेवला, मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरल्यावर उठला. स्क्रीन कडेनं वर आलेली दिसली तर मात्र हे काही करू नका, बॅटरी फुगलेली असते, भट्टीजवळ ठेवलेल्या टॅबचं हे हमखास होतं.

इमेज घेताना कुलूप उघडं असलं पाहिजे. बाहेरनं बूट करून कुलूपबंद डिस्कचीच इमेज काढली तर ती डिस्कएवढीच, पूर्ण ५८ जीबीची निघते, कारण आत कुठं भरलंय आणि कुठं रिकामं हे सॉफ्टवेअरला कळतच नाही, आणि ती दुसऱ्या टॅबवर ओतली की तिथली चिप म्हणते ही किल्ली माझी नाही. म्हणून ज्या टॅबवरनं मास्टर करायचा त्याचं एन्क्रिप्शन आधी पूर्ण काढायचं, सिसप्रेप चालवून त्याची स्वतःची ओळख पुसायची, मग इमेज. नुसतं फर्मवेअरचं अपडेट किंवा सेटिंग बदलायचं असेल तर मॅनेज-बीडीई कमांडनं बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा, काम करायचं, परत चालू करायचा, दोन मिनिटांचं काम आहे आणि याच दोन मिनिटांवर मालकांचे तीन टॅब गेले.

एवढं करून एका टॅबनं इमेज घेतलीच नाही. मॉडेल तेच, खोक्यावर ६४ जीबी तेच, पण आतली ईएमएमसी चिप, म्हणजे टॅबची डिस्कच, दुसऱ्या कंपनीची, काही एमबीनं लहान. इमेज डिस्क टू डिस्क होती, सॉफ्टवेअर म्हणालं जागा कमी पडते आणि थांबलं. मास्टरवर सी ड्राइव्ह पाच जीबीनं आखूड करून परत इमेज घेतली तेव्हा बसली. तेव्हापासून मी अशा कामाला विम फाईलच करतो, ती विंडोजची दुसऱ्या प्रकारची इमेज, फाईलनिहाय असते, पार्टिशन लहान मोठं चालतं, फक्त शेवटी बीसीडीबूट चालवून बूटच्या फाईली स्वतः लिहाव्या लागतात, ते विसरलं की इमेज नीट उतरूनही टॅब म्हणतो बूट डिव्हाइस नाही, आणि लोकांना वाटतं इमेजच खराब.

तिसरा टॅब नंतर घेतलेल्या लॉटमधला, दुसरं मॉडेल. त्याच्यावर या इमेजनं विंडोज आलं पण डावीकडं बोट ठेवलं की उजवीकडं उमटायचं. टचच्या ड्रायव्हरबरोबर एक छोटी फर्मवेअर फाईल असते, मॉडेलप्रमाणं वेगळी, आणि स्वस्तातल्या टॅबची ती कंपनीच्या वेबसाइटवर पण सापडत नाही. त्याच लॉटचा एक जिवंत टॅब होता म्हणून त्याच्यावरनं ड्रायव्हर काढून घेतले, डिझमनं विंडोजच्या बाहेरचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमधे एक्सपोर्ट होतात. नवा टॅब खोक्यातनं निघाला की हे पहिलं काम करून ठेवा, पुसल्यावर ते परत मिळतील याची खात्री धरू नका.

गुळाच्या व्यापाऱ्यांकडं, लहान दुकानांत अजून २०१४, १५ चे दोन जीबी रॅमवाले टॅब चालू दिसतात मला. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रोसेसर ६४ बिट पण फर्मवेअर ३२ बिट, त्यामुळं नेहमीचा ६४ बिटचा पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही, ३२ बिटचं विंडोज १० च लागतं. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असा टॅब सेकंडहँड कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका एवढंच सांगतो. अँड्रॉइडवाल्यांनी पण निश्चिंत राहू नये, तिथं सेटिंगमधे न जाता बटणं दाबून रिसेट मारला की आधीच्या गूगल अकाउंटचा पासवर्ड मागतो, आणि ते अकाउंट सोडून गेलेल्या सेल्समनचं निघतं.

अजून एक, आणि हे कोल्हापूरकर म्हणून लिहितोय. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली होता, आपण सगळ्यांनी बघितलंय. माझ्या एका गिऱ्हाईकानं सगळ्या मशीनच्या इमेज शिस्तीत काढून ठेवल्या होत्या, हार्डडिस्कवर तारखा लिहिलेल्या, आणि ती हार्डडिस्क तळमजल्यावरच्या ऑफिसात कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर मी ती उघडली तेव्हा आतनं गाळ निघाला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटाची इशारा पातळी आणि ४३ ची धोका पातळी आपल्याला तोंडपाठ आहे, पाणी चढायला लागलं की आपण गाड्या वर नेतो, जनावरं हलवतो, कागदपत्रं माळ्यावर टाकतो. त्यात एक इमेजची हार्डडिस्क आणि एक किल्ल्यांच्या यादीचं पाकीट वाढवा. आणि ती इमेज एकदा तरी खरोखर दुसऱ्या टॅबवर उतरवून बघितलेली असू दे, उतरवून न बघितलेल्या इमेजवर मी एक रुपयाचा भरवसा ठेवत नाही.

म्हणून माझी मागणी आहे उद्योजकांच्या संघटनांकडं, सहकारी संस्थांकडं, जे जे लॉटमधे टॅब घेतात त्यांच्याकडं. पुरवठादाराचं शेवटचं बिल काढायच्या आधी त्याच्याकडनं प्रत्येक टॅबची ४८ आकडी किल्ली टॅबच्या सिरियल नंबरसोबत छापून घ्या, अकाउंट संस्थेच्या नावाचं आहे हे स्वतः लॉगिन करून बघा, ड्रायव्हरचा फोल्डर आणि इमेज मागा, आणि त्यानं तुमच्यासमोर एक टॅब पुसून परत उभा करून दाखवला पाहिजे. हे ऑर्डरमधेच लिहा. नंतर मागितलं की कुणी देत नाही, मी बघितलंय. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या सरांना पण विनंती, पोरांना विंडोज इन्स्टॉल करायला शिकवता तसं एक प्रॅक्टिकल याचंही ठेवा. ते फौंड्रीतलं पोरगं मला दोष देण्यासारखं वाटत नाही, त्याला बिटलॉकर आधी थांबवायचा असतो हे कुणी शिकवलंच नव्हतं.

मालकांनी त्याला कामावरनं काढलं नाही हे मला फार बरं वाटलं. परवा गेलतो तेव्हा चौदा किल्ल्यांची यादी दोन पाकिटांत झालेली, एक ऑफिसच्या तिजोरीत, एक मालकांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर, आणि पोरानं माझ्यासमोर क्यूसी ७ पुसून इमेजवरनं उभा केला. हब त्यानं स्वतःच्या पैशानं आणलाय.

कुणाच्या टॅबवर आत्ता ती निळी स्क्रीन असेल तर रिसेट दाबू नका, टीपीएम क्लिअर करू नका, की आयडीचा मोबाईलनं फोटो काढा आणि शेवटचं काय बदललं होतं ते आठवा. पत्र लांबलंय, हवं तर कापा, पण पावसाळ्याच्या आधी छापा ही विनंती.

आपला एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर